ज्या गावची होळी, त्या गावची पोरगी

ढाल तिसऱ्यांदा सापगावात आली असती तर चंदरच्या पदरात पडणार होतं ते असं. पहिलं, ढाल कायमची. धसईला धुळवडीच्या दिवशी बायकांच्या कबड्डीची स्पर्धा भरायची आणि तिची फिरती ढाल सलग तीन वर्षं जिंकेल त्या गावाने ठेवून घ्यायची, असा नियम होता. दोन वर्षं झाली होती, एक बाकी. दुसरं, धसईचे साईनाथ गुरुजी. स्पर्धेचे अध्यक्ष, पंच आणि कर्ण्यावरचे निवेदक असं सगळं ते एकटेच होते, आणि त्यांना स्वतःच्या हाताने चंदरच्या गळ्यात हार घालावा लागला असता. तिसरं, चंदरचा मेहुणा धर्मा. त्याने सात वर्षांपूर्वी भर पंगतीत विचारलं होतं, "दाजी, बाप्यांचा संघ जमला नाय, म्हनून पोरींचा काढला काय?" त्यावर चंदरकडे चोख उत्तर तयार होतं, पण ढाल भिंतीवर कायमची लटकल्याशिवाय त्या उत्तराला वजन येत नव्हतं.

आणि एवढं मिळवायला घालायचं काय होतं? चंदरच्या मते काहीच नाही. त्याच्या संघात अनिता होती. अनिता चढाईला गेली की समोरच्या सात जणी भाताच्या खळ्यातून हुसकलेल्या कोंबड्यांसारख्या चारी बाजूंना व्हायच्या. ती दोघींना हात लावून परत यायची आणि आपल्या सहा जणी टाळ्या वाजवायच्या. चंदरचं सगळं मार्गदर्शन चार शब्दांत मावायचं, "अनीला जाऊ द्या गो!" एवढं बोलून त्याने दोन ढाली जिंकल्या होत्या. माणसाला आणखी काय शिकायची गरज वाटणार?

मार्गशीर्षात अनिताचं लग्न झालं. दिली तीही धसईला.

चंदर लग्नात जेवला, वरणभात दोनदा घेतला, पण चेहरा बाराव्याला बसल्यासारखा. समोरच्या पंगतीत साईनाथ गुरुजी होते. त्यांनी बुंदी वाढणाऱ्याला थांबवून आवाज दिला, "चंदरशेठ, तुमची चढाई तर आमच्या घरात आली. बाकीच्या सा जणी कधी धाडता?" पंगत हसली. चंदरने भाताचं आळं उगाच मोठं केलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर संघाची सभा भरली. चंदर सापगावच्या भातगिरणीत कामाला होता आणि संघाच्या सभा तुसाच्या ढिगाशेजारी व्हायच्या. कप्तान होती शकू. खेळायची उजव्या कोपऱ्यात, बोलायची मात्र सगळ्या कोपऱ्यांतून.

"काका, आता कसं?" शकू म्हणाली. "मी सांगू? आमालाच शिकवा. ही भिमी वाडीवरनं रोज पायी उतरती, दोन साल झाली. घोटा धरला का सुटत नाय तिच्या हातातनं. पन तुमी तिला मैदानात ठेवता कवा? कोनाला लागलं तर बदली म्हनून."

भिमी सापगावच्याच डोंगरावरच्या ठाकरवाडीची. तिने तुसातली एक काडी उचलून मोडली.

"शिकवीन ना," चंदर म्हणाला. "पन संघ घडवायला तीन सालं लागतात. तवर ढाल वैशाखऱ्याला नायतर धसईला. परत एकपासनं मोजायला लागायचं. ह्या साली कशी बी ढाल घेऊ, मंग निवांत घडवू तुमाला."

"गेल्या साली बी हेच बोल्ले."

"गेल्या साली जिकलो का नाय?"

"अनी जिकली. आमी टाळ्या वाजवल्या."

तेवढ्यात सकुबाई नवऱ्याचा डबा घेऊन आली. डबा ठेवून निमूट जाणारी बाई ती नव्हे. "राब भाजल्याबिगर, पेरल्याबिगर लावनी झालेली कोनी बघितली का?" तिने विचारलं. "ह्यांना दर साल दुसऱ्याच्या राबातल्या रोपांच्या मुठी उपटून आनायच्या असतात."

"तुला कबड्डीतलं काय कळतंय?"

"भातातलं कळतंय ना. तेवढं पुरे."

सभा ठरावाशिवाय उठली. म्हणजे चंदरच्या मनासारखी उठली. पण ढाल घ्यायची कशी बी, यातल्या 'कशी बी'चा पत्ता काही त्याला चार दिवस लागेना.

लावून दिला तो त्याच्या मुलाने. संदेश भाजीचा टेम्पो चालवायचा. आठवड्यातून तीनदा मुरबाडवरून माळशेजच्या रस्त्याने जायचा, वांगी-काकडी भरून कल्याणला न्यायचा. जेवताना भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत तो सहज म्हणाला, "बाबा, वैशाखऱ्याच्या संघात एक पोरगी हाय. भूमिका नावाची. चढाईला गेली का अनीसारखीच. जरा जास्तच."

"मंग? वैशाखऱ्याची पोरगी आपल्याकडनं कशी खेळंल?"

"अनी धसईची झाली ती कशी झाली?" संदेश म्हणाला, आणि आमटी वाढून घेतली.

चंदरचा घास हातातच राहिला. असा साधा विचार आपल्याला सुचला नाही याचं त्याला वाईट वाटलं, आणि पोरगा बापाच्या संघासाठी एवढा विचार करतो याचा अभिमानही. सकुबाईने मात्र मुलाच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं, मग भाकरी उलटली. कोण कशासाठी भूक लागल्यासारखं दाखवतो हे आईला कळतं.

पुढच्या रविवारी मंडळी वैशाखऱ्याला मुलगी बघायला गेली. पोह्यांच्या बश्या आल्या, मुलगी आली, पाटावर बसली. बाकीच्या घरी मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असं विचारतात. चंदरने घसा खाकरून पहिला प्रश्न टाकला, "बोनस मारते का?"

मुलीच्या बापाला वाटलं, हा हुंड्यातला काही नवा प्रकार असावा. तो घाबरून बायकोकडे बघायला लागला.

भूमिका मान वर करून म्हणाली, "सा जणी समोर असतील तर. पाच झाल्या का बोनस नसतो, मामा."

चंदर खुश झाला. "चढाई डावीकडनं का उजवीकडनं?"

"समोरची कोन हाय बघून." मग तिनेच विचारलं, "तुमच्या डाव्या कोपऱ्यात कोन असतं?"

"असतं कोनतरी," चंदर म्हणाला.

"म्हंजे नाय कोन," भूमिका म्हणाली. तिची आई खोकली. संदेश बशीतले शेंगदाणे मोजत होता आणि हसू दाबत होता. पोरगा लाजतोय, असं चंदरने धरून घेतलं.

माघात लग्न उरकलं. घाई का, असं विचारणाऱ्यांना चंदर मुहूर्ताचं कारण सांगायचा. खरा मुहूर्त होता धुळवडीच्या आधी पंधरा दिवस सराव मिळण्याचा.

हळद उतरायच्या आत भूमिका मैदानात उतरली. तिने पहिल्याच दिवशी भिमीला डाव्या कोपऱ्यात उभी केली आणि स्वतः चढाईला आली. भिमीने घोटा धरला. भूमिका तोंडावर पडली, उठली, कपाळाची माती झटकली आणि म्हणाली, "ही दोन साल बसून व्हती? मामा, तुमी गिरनीतच बरे." पोरी मनसोक्त हसल्या. नवल म्हणजे चंदरही हसला. घरातही असंच. त्याच्या जुन्या विनोदांना सकुबाईने वीस वर्षांपूर्वी हसणं सोडलं होतं. नवी सून हसायची, वर आणखी एक जोडायची. चंदर संध्याकाळी गिरणी अर्धा तास आधी बंद करायला लागला. मैदानावर बोलायचं काम आता भूमिकाच करायची, तो दगड वेचत बसायचा.

इथवर सगळं सुरळीत होतं. एक स्टार गेली, एक आली. पण चंदरचा हात एकदा भरला की तो दुसरा पुढे करायचा.

होळीच्या आधी आठ दिवस धसईला सगळ्या संघांची बैठक झाली. साईनाथ गुरुजींनी विषय काढला, "अनिता आता धसईची. ती आमच्याकडनं खेळणार."

नियमात लिहिलं होतं, 'खेळाडू त्याच गावची असावी.' गावची म्हणजे काय, जन्मली तिथली का नांदते तिथली, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. चंदर गप्प बसला असता तर सगळं ठीक होतं. नांदते तिथली म्हटलं की अनिता धसईची आणि भूमिका सापगावची. सरळ सौदा. पण अनिता समोर धसईच्या बाजूने उभी राहणार हे चित्र त्याला सोसेना, आणि दोघी आपल्याकडे हे चित्र तर फारच गोड होतं.

तो उठला. "गुरुजी, नव्या लग्नाची पोरगी पयल्या होळीला कुठं असती?"

"माहेरी," गुरुजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नव्या सुनेने सासरची पहिली होळी बघायची नाही, ही इकडची रीत. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींच्या घरीही ती पाळली जात होती.

"मंग लिवा," चंदर म्हणाला. "होळीच्या राती जिनं ज्या गावच्या होळीत नारळ टाकला, ती दुसऱ्या दिवशी त्या गावची. ज्या गावची होळी, त्या गावची पोरगी."

वैशाखऱ्याच्या प्रतिनिधीने तर लगेच हात वर केला. चंदरला वाटलं, माणूस समजूतदार आहे. ठराव लिहिला गेला, सगळ्यांनी सह्या केल्या. चंदरने सही जरा मोठीच केली.

घरी येऊन त्याने सकुबाईला सगळं सविस्तर सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. पाखडणं न थांबवता तिने विचारलं, "आपल्या लग्नानंतर पयल्या होळीला मी कुठं व्हती?"

"माहेरी. मीच तर सोडायला आलतो."

"आनि आपल्या सुनेची ही कितवी होळी?"

सुपातले तांदूळ एकदा वर गेले, खाली आले. चंदरने बोटं मोजायला घेतली आणि पहिल्यावरच थांबला.

"तरीच," तो म्हणाला. "तरीच तो वैशाखऱ्यावाला एवढा पटकन हात वर करत व्हता."

"नको पाठवू म्हनाल तर माझ्यासमोर म्हना," सकुबाईने बजावलं. "सून माझी बी हाय. पोरीला पयल्या होळीला ठेवून घेतली तर तिच्या आईला काय सांगू, कबड्डी हाय म्हनून?"

चंदरने रात्रभर मनाची समजूत घातली. भूमिका गेली तरी अनिता येणार. एकाला एक. नुकसान काही नाही.

होळीच्या आदल्या दिवशी संदेश टेम्पोत बसवून भूमिकेला वैशाखऱ्याला सोडून आला, म्हणजे सोडून येतो म्हणाला आणि परत आलाच नाही. त्याच संध्याकाळी अनिता माहेरी आली. चंदर धावत तिच्या घरी गेला. अनिता ओटीवर पाय सोडून बसली होती.

"अने, परवा दुपारी दोनला टेम्पो सुटंल."

"काका, करवंदं आली का वो डोंगराला?"

"अजून हिरवी हायेत. का?"

"हिरवीच पायजेत," अनिता म्हणाली आणि लाजली. तिची आई आतून ओरडली, "तिसरा हाय, चंदरभाऊ! खेळायचं नाव काढू नका!"

अशा रीतीने चंदरने दोन स्टार मिळवायला जो ठराव केला, त्याच ठरावाने त्याच्या हाती एकही राहिली नाही. धुळवडीच्या दुपारी तोंडाला रंग फासलेल्या सात पोरी भाड्याच्या टेम्पोत बसल्या. डाव्या कोपऱ्याला भिमी, उजव्याला शकू. चंदर पुढे ड्रायव्हरशेजारी. वाटभर एक शब्द नाही. मुरबाड आलं तेव्हा शकूने मागून काच ठोकली, "काका, जिवंत हाव ना?"

आणि मग धसईला भलतंच घडलं. पोरी जिंकायला लागल्या. अनीला जाऊ द्या म्हणायला अनी नव्हती, म्हणून प्रत्येकीला जावं लागलं. भूमिकेने पंधरा दिवसांत शिकवलेली साखळी पकड त्यांनी पहिल्या सामन्यात भीतभीत लावली, दुसऱ्यात मजेने. धसईचा संघ उपांत्य फेरीत गारद झाला. गुरुजींनी कर्ण्यावर "सापगाव विजयी" असं म्हटलं ते दात काढून घेतल्यासारखं. चंदर उभा राहून बघत होता आणि त्याच्या मनात एकच विचार फिरत होता. ह्या सात जणी गेली दोन वर्षं इथंच होत्या की.

अंतिम सामना वैशाखऱ्याशी. म्हणजे भूमिकेशी.

दिवस मावळतीला आला होता. भूमिका चढाईला येताना एकदा सासऱ्याकडे बघून हसली आणि 'कबड्डी कबड्डी' करत त्याच्याच संघातल्या दोघींना बाद करून गेली. चंदरचे हात टाळीसाठी वर गेले. सकुबाईने ते धरून खाली ओढले. "इकडली बाजू आपली!"

"मंग त्याला सांग," चंदर म्हणाला. पलीकडे वैशाखऱ्याच्या लोकांत संदेश शिट्ट्या मारत होता.

"त्याला काय सांगायचं? तो दीड साल झालं तिथंच उभा हाय," सकुबाई म्हणाली. "वांगी वैशाखऱ्यातच तेवढी पिकतात का? टेम्पो तिच्याच दारात कसा बंद पडतो, कवा विचारलं का त्याला?"

चंदरला आमटीत बुडवलेला तो भाकरीचा तुकडा आठवला. आपण सून आणली, की पोराने बापाकडून बायको आणवली, याचा विचार करायला त्याला वेळ हवा होता. पण वेळ नव्हता. गुरुजी कर्ण्यावर सांगत होते, "शेवटची चढाई. सापगाव एकवीस, वैशाखरे एकोणीस."

दोन गुण पुढे. ही एक चढाई अडवली की ढाल कायमची.

भूमिका आली. बोनसचा विचारच तिने केला नाही, थेट शकूवर झेपावली. तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातून भिमी सुटली आणि तिने घोटा धरला. भूमिका आडवी झाली. शकूने कमरेला मिठी घातली, तिसरी पाठीवर पडली. भूमिका दम न सोडता, तोंड मातीत, कोपरांवर मध्यरेषेकडे सरकत होती. वीतभर राहिलं. तिच्या हातातल्या लग्नाच्या हिरव्या बांगड्यांपैकी दोन फुटल्या आणि त्यांचा आवाज चंदरला ऐकू आला.

तो नंतर सांगायचा की मी ओरडलो नाही, माझ्या तोंडून निघालं. निघालं ते सगळ्या मैदानाने ऐकलं.

"अगो जपून! सूनबाई हाय ती माझी!"

शकू सात वर्षं काकांचं ऐकत आली होती. सवयीने तिची मिठी सैल झाली. एका श्वासापुरती. भिमीने घोटा सोडला नाही, पण भूमिकेचा हात पुढे गेला आणि दोन बोटं रेषेपलीकडे पडली. हात लावलेल्या तिघीही बाद. वैशाखरे बावीस, सापगाव एकवीस.

सगळ्यात आधी हसली भूमिका. मातीतच पडून, पोट धरून. मग शकूने डोक्यावर हात मारला. "काका! सात सालं एकच वाक्य बोल्ले, आनि आज दुसरं बोलायचं सुचलं?" साईनाथ गुरुजींचा कर्णा चालूच होता, त्यांचं हसणं धसईच्या बाजारपेठेपर्यंत ऐकू गेलं. चंदर मात्र मैदानात शिरला, सुनेच्या मनगटाला काच लागली आहे का ते उलटसुलट करून बघितलं, आणि लागली नाही म्हटल्यावर त्याला आठवलं की आपण हरलो.

परतीच्या टेम्पोत सभा भरली. या वेळी ठराव झाला. शकूने मांडला, भिमीने अनुमोदन दिलं. सभेत तिचं तोंड उघडण्याची ही पहिलीच खेप. "काकांनी आता वरडायचं नाय," ती म्हणाली. "शिकवाया वहिनी." मग जरा थांबून, "आनि मी बदली नाय."

"ढालीचं काय?" चंदरने विचारलं.

"एकपासनं मोजू," शकू म्हणाली. "घडायला तीन सालं लागतात, तुमीच बोल्ले ना?"

रंगपंचमी झाल्यावर संदेश बायकोला घेऊन आला आणि सराव सुरू झाला. तर हिशेब असा लागला. ढाल वैशाखऱ्याला मिळाली, पण ती मिळवून देणारी सापगावात नांदायला आली. पुढच्या होळीपासून ती सापगावची. संदेशला हवी ती बायको मिळाली आणि वर बापाचे आभार मिळाले. भिमीला डावा कोपरा मिळाला. अनिताला श्रावणाच्या पुढे मुलगी झाली आणि शकूने बाळंतिणीच्या खाटेपाशीच त्या तान्हीचं नाव संघात घातलं. सगळ्यांना काही ना काही मिळालं, आणि भरलं ते एकट्या चंदरने: रोज पाच वाजता गिरणी बंद करायची, मैदानातले खडे वेचायचे, विहिरीवरून सहा हंडे आणून माती भिजवायची, आणि पोरी खेळायला लागल्या की कडेला बसून तोंड बंद ठेवायचं. सहा हंड्यांचं त्याला काही वाटत नसे. शेवटचं कलम जड जायचं.